जर्मन शिकशील गं, पण भाषांतर कुठल्या भाषेत करणार?

पत्र थोडक्यात: लिहिणारी २३ वर्षांची आहे. कॉमर्सची डिग्री झाली, दीड वर्ष अकाउंट्समध्ये नोकरी करतेय आणि संध्याकाळचे क्लास लावून जर्मनची बी-टू लेव्हल (सहा पायऱ्यांतली चौथी) पास झालीय. आता तिला नोकरी सोडून युनिव्हर्सिटीत ‘जर्मॅनिक भाषा, साहित्य आणि भाषांतर’ असा तीन वर्षांचा कोर्स करायचाय, त्यात जर्मनसोबत तिच्याच घराण्यातली डच किंवा स्वीडिश पहिल्यापासून शिकवतात. घरचे म्हणतात भाषांतर आता मशीन करतं, परत फर्स्ट इयरला बसून काय मिळवणार. तिचे स्वतःचे प्रश्न असे: निम्मे पेपर साहित्याचे आणि जुन्या भाषांचे आहेत, तो वेळ वाया घालवण्यापेक्षा एक वर्षाचा नुसता भाषांतराचा डिप्लोमा करावा का? २३ म्हणजे उशीर झाला का? आणि शेवटी, “ताई, माझं इंग्रजी चांगलं आहे त्यामुळे जर्मन-इंग्रजी भाषांतर जमेलच, पण जर्मन माणसासारखं जर्मन मला कधीच येणार नाही, मग यात पडावं का?”

---

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात जर्मन आहे, इंग्रजी आहे, डच-स्वीडिश आहे, मशीन तर पानभर आहे, फक्त ज्या भाषेत तू मला हे सगळं इतकं छान लिहिलंस ती मराठी कुठेच नाहीये. एकदासुद्धा नाही. म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न मला त्याच्यातूनच आलेले वाटतात.

जर्मन माणसासारखं जर्मन तुला येणार नाही, बरोबर. मलाही येत नाही. पण भाषांतराच्या धंद्यात साधारण रीत अशी आहे की माणूस परक्या भाषेतून स्वतःच्या भाषेत भाषांतर करतो, उलटं कमी. म्हणजे जर्मन तुला कळायला हवं, अगदी बारकाव्यासकट कळायला हवं, पण लिहायचंय ते तुझ्या भाषेत. आता तू म्हणतेस तुझी लिहायची भाषा इंग्रजी. असेलही, पण मग स्पर्धा कोणाशी आहे बघ, इंग्रजीतच लहानाचे मोठे झालेले आणि वर उत्तम जर्मन येणारे हजारो लोक. तिथे जाऊ नकोस असं मी म्हणत नाहीये, पैसे देणारं बरंच काम त्याच जोडीत आहे आणि अकाउंट्सची माहिती असलेल्या मुलीला कंपन्यांचे वार्षिक अहवाल, ऑडिटची कागदपत्रं, करार असलं काम मिळू शकतं. पण तू ते ‘जमेलच’ म्हणून टाकलंयस, आणि तुझ्या हातातली दुसरी भाषा तुला दिसलेलीच नाही.

एक माझीच गंमत सांगते. अगदी सुरुवातीला एका मीटिंगची जर्मन मेल मराठीत करून द्यायची होती, दोन ओळींची. त्यात वेळ होती ‘हाल्प फिअर’, म्हणजे शब्दशः ‘अर्धा चार’. माझ्या डोक्यात मध्ये इंग्रजी बसलेलं, तिकडे ‘हाफ फोर’ म्हणजे साडेचार, मी बिनधास्त साडेचार लिहिलं. जर्मनमध्ये ‘अर्धा चार’ म्हणजे चारच्या दिशेने अर्धा तास गेलेला, म्हणजे साडेतीन. आमची माणसं सव्वाचारला पोचली आणि वर खूश, की आपण पंधरा मिनिटं आधीच आलो! डचमध्ये साडेतीन असंच म्हणतात, स्वीडिशमध्येही असंच, या जर्मॅनिक घराण्यात वेगळं वागते ती इंग्रजी आणि नेमकी तिलाच आपण मध्ये दुभाषी म्हणून बसवतो.

आणि मराठी किती जवळ आहे याची तुला कल्पना आहे का? तो, ती, ते आपल्याकडे आहेच, त्यामुळे जर्मनमधल्या डेअर-डी-डासला इंग्रजीवाला जसा घाबरतो तसं आपण घाबरायचं काही कारण नाही (कुठला शब्द कुठल्या लिंगाचा ते पाठच करावं लागतं, त्यातून सुटका नाही). एकवीसला जर्मन ‘एक-आणि-वीस’ म्हणतात, आधी एकक मग दशक, आपल्यासारखंच. डॅनिशमध्ये पन्नासला ‘हाल्वत्रेस’ म्हणतात, तो शब्द फोडला तर निघतं ‘अर्धा-तिसरा गुणिले वीस’, आणि अर्धा-तिसरा म्हणजे अडीच! इंग्रजीत अडीचला शब्दच नाही म्हणून तिकडच्या विद्यार्थ्यांना हे भयंकर वाटतं, तू अडीच वीस पन्नास म्हणून पुढे जाशील. सत्तर म्हणजे साडेतीन वीस, नव्वद म्हणजे साडेचार वीस.

पण मला खरं बोलायचंय ते छोट्या शब्दांबद्दल. जर्मनमधले ‘डॉख’, ‘माल’, ‘या’, ‘हाल्ट’. तू बी-टू आहेस म्हणजे यांनी तुला छळलंच असेल. ‘कॉम डॉख!’ याचं इंग्रजी काय करणार? ‘डू कम’? असं कोणी बोलत नाही. मराठीत सरळ ‘ये की!’ झालं. ‘कॉम माल हेअर’ म्हणजे ‘जरा इकडे ये ना’. ‘डास वाइस्ट डू डॉख’ म्हणजे ‘तुला माहितीये की’. ‘एस इस्ट हाल्ट झो’ म्हणजे ‘आहे बुवा असं’. हे की, ना, बुवा, तर, च, बरं आपल्याकडे इतके आहेत की आपण ते मोजतही नाही, आणि जर्मन बोलण्याचा निम्मा जीव याच असल्या शब्दांत असतो. दर वेळी डॉखला ‘की’ लावून चालत नाही हेही खरं, कधी तो ‘अगं पण’ होतो, कधी ‘नाही कसं, आहे!’ होतो, कधी नुसता आवाजात जातो. कुठे काय ते ठरवायचं, हेच तर काम आहे.

डू आणि झीचं तसंच. जर्मनमध्ये अनोळखी माणसाला, साहेबाला झी आणि जवळच्याला डू. तू-तुम्ही आपल्याकडे आहेच त्यामुळे सोपं वाटतं. सोपं नाहीये. जर्मन मूल आईलाही डू म्हणतं आणि बापालाही डू, मराठीत आई ‘तू’ आणि बाबा बऱ्याच घरांत ‘तुम्ही’, मग कादंबरीतल्या मुलीच्या तोंडी बाबांसाठी काय घालायचं? ‘तू’ घातलंस तर वाचणाऱ्याला वाटेल फार मोकळं घर आहे, ‘तुम्ही’ घातलंस तर फार कडक, आणि मुळात तसलं काहीच सुचवायचं नव्हतं. बरं, ऑफिसातली दोन माणसं वर्षानुवर्षं झी म्हणतात आणि एक दिवस ठरवून डूवर येतात, हा त्या भाषेत एक प्रसंगच असतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’, तिथे भाषांतर करणाऱ्याला काहीतरी वेगळीच युक्ती काढावी लागते, तुला ती गरज नाही. स्वीडिशमध्ये अजून तिसरंच, तिकडे १९६०च्या दशकाच्या शेवटी लोकांनी सगळ्यांनाच सरसकट ‘डू’ म्हणायला सुरुवात केली, त्यामुळे आजच्या स्वीडिश कादंबरीतला शिकाऊ पोरगा साहेबाला डू म्हणतो ते उद्धटपणाने नाही. हे जिला माहीत नाही ती मराठीत त्याला उद्धट करून ठेवणार.

आता मशीन. घरच्यांचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. जर्मनीतल्या कोलोनची डीपएल ही भाषांतराची मशीन २०१७ मध्ये आली, त्याच्या आदल्या वर्षी गूगलने भाषांतराची नवी न्यूरल पद्धत आणली, आणि तेव्हापासून साध्या ई-मेल, माहितीपत्रकं, वस्तूसोबत येणारी पुस्तिका असलं काम कोऱ्या कागदावरून कोणी फारसं करत नाही. मशीनचा मसुदा येतो आणि माणूस तो दुरुस्त करतो, त्याला पोस्ट-एडिटिंग म्हणतात, त्याचं वेगळं आयएसओ स्टँडर्डही आहे २०१७चं. दर कमी आणि काम कंटाळवाणं, मी गोड बोलून लपवणार नाही. नुसत्या कथा-कादंबऱ्यांच्या भाषांतरावर पोट भरणारी माणसं कुठल्याही भाषेत थोडीच, त्यातली बहुतेक सोबत शिकवतात, संपादन करतात किंवा टेक्निकल काम करतात. पण एक बघ, ज्या भाषांच्या जोडीत मजकूर कमी आहे तिथे मशीन अनेकदा मध्ये इंग्रजी घालून जातं, आणि मध्ये इंग्रजी आलं की डूही ‘यू’ आणि झीही ‘यू’, पुढे मराठीत तू येणार की तुम्ही हा नशिबाचा भाग. म्हणजे माझ्या साडेचारच्या मीटिंगचीच गोष्ट, जरा मोठ्या प्रमाणावर. त्यामुळे घरच्यांना ‘मशीनला जमत नाही’ असं सांगू नकोस, ते फोनवर करून दाखवतील आणि तुझं तोंड बंद होईल. मसुद्यात कुठे घसरलंय ते जिला दिसतं तिचं काम शिल्लक आहे, एवढं सांग. आणि ते दिसायला काय लागतं, तर आता तुझे ते ‘वाया जाणारे’ पेपर.

तुझ्या मनात साहित्याचा पेपर म्हणजे कवीचा जन्म-मृत्यू आणि रसग्रहण असं काहीतरी आहे, तसा शिकवत असतील तर वायाच. पण वर्षाला वीस-पंचवीस पुस्तकं मूळ भाषेत वाचायला लावणारं दुसरं काही मला माहीत नाही. स्वतःहून आपण वाचत नाही गं, मी तरी नाही वाचली. डॉख कुठे चिडून येतो आणि कुठे लाडाने हे व्याकरणाच्या पुस्तकात नसतं, ते चारशे पानं वाचल्यावर कानात बसतं.

जुन्या भाषांच्या पेपरची तुला सगळ्यात जास्त भीती दिसतेय, आणि मला वाटतं त्यातच तुला सगळ्यात मजा येईल. आपलं दोन घे, इंग्रजी टू, जर्मन त्स्वाय. आपलं दहा, इंग्रजी टेन, जर्मन त्सेन. आपला दात, इंग्रजी टूथ, जर्मन त्सान. द-ट-त्स, द-ट-त्स. हा योगायोग नाही, मूळचा द या सगळ्या जर्मॅनिक भाषांत ट झाला आणि नंतर फक्त जर्मनमध्ये त्या टचा पुढे त्स किंवा स झाला. डच आणि स्वीडिश टवरच थांबल्या. पहिला बदल याकोब ग्रिमने १८२२ मध्ये नियम म्हणून मांडला, परीकथा गोळा करणारे ते दोन भाऊ, त्यातला थोरला. हे एकदा डोक्यात बसलं की डचमधला ‘वाटर’ बघितल्यावर जर्मन ‘वासर’ आपोआप आठवतं आणि दुसरी भाषा निम्म्या कष्टात येते. एक वर्षाच्या डिप्लोमात हे कोणी शिकवणार नाही.

आणि हाच पेपर तुला सारख्या दिसणाऱ्या शब्दांपासूनही सावध करेल. ‘गिफ्ट’ डचमध्ये देणगी, जर्मनमध्ये विष, आणि स्वीडिशमध्ये विष तर आहेच पण ‘लग्न झालेला’ असाही अर्थ आहे (यावर स्वीडिश लोकांनी करायचे ते सगळे विनोद करून झालेत, तू नवीन करू नकोस). डच ‘बेलन’ म्हणजे फोन करणं, जर्मन ‘बेलन’ म्हणजे भुंकणं. जर्मनमध्ये ‘मेअर’ समुद्र आणि डचमध्ये ‘मेअर’ तळं. जर्मनमधलाच ‘झे’ पुल्लिंगी असला तर तळं आणि स्त्रीलिंगी असला तर समुद्र, म्हणजे एक आर्टिकल चुकलं की माणूस तळ्याऐवजी समुद्रात बुडालाच!

आता डिप्लोमा की डिग्री. इथे माझं मत एकतर्फी नाहीये. भाषांतर कंपन्या बऱ्याचदा आयएसओ १७१०० हे २०१५चं स्टँडर्ड पाळतात, त्यात भाषांतरकाराची पात्रता दाखवायचे तीन मुख्य रस्ते आहेत: भाषांतराची पदवी, किंवा दुसऱ्या कुठल्याही विषयाची पदवी अधिक भाषांतराच्या पूर्णवेळ कामाचा दोन वर्षांचा अनुभव, किंवा पदवी नसेल तर तसाच पाच वर्षांचा अनुभव. म्हणजे तुझी कॉमर्सची डिग्री फुकट नाहीये, दोन वर्षं भाषांतराचं काम दाखवता आलं तर दार उघडतं. त्याच स्टँडर्डप्रमाणे प्रत्येक भाषांतर दुसऱ्या माणसाने मूळ मजकुराशी ताडून बघायचं असतं, त्याला रिव्हिजन म्हणतात, आणि नव्या माणसाला ते काम चांगलं शिकवून जातं, दुसऱ्याच्या चुका पकडताना आपल्या दिसतात. तुला फक्त कंपन्यांची कागदपत्रं करायची असतील तर डिप्लोमा, सोबत ट्राडोस किंवा मेमोक्यूसारखं भाषांतरकारांचं सॉफ्टवेअर आणि दोन वर्षं दमाने काम, एवढं पुरे आहे, नोकरीसुद्धा लगेच सोडावी लागणार नाही. पण तुझं पत्र वाचून मला तसं वाटत नाही. तू एका स्वीडिश कथेबद्दल अर्धं पान लिहिलंयस, जी तू इंग्रजीत वाचलीस आणि ‘मूळात कशी असेल’ म्हणून रात्रभर डोकं खात बसलीस. ऑडिट रिपोर्टबद्दल एक ओळ नाही.

डिग्री घ्यायची ठरवलीस तर कोर्सच्या नावावर जाऊ नको, सिलॅबस उघडून तास मोज. भाषेचे किती, वाचनाचे किती, प्रत्यक्ष भाषांतर करायचे किती. नावात भाषांतर असतं आणि आत सहाव्या सेमिस्टरला एकच पेपर असतो असंही बघितलंय. भाषांतर शिकवणारे स्वतः भाषांतर करतात का ते बघ. सरावाचं भाषांतर कुठल्या भाषेत करून घेतात ते विचार, नुसतं इंग्रजीत असेल तर मराठीत केलेलं कोणी तपासेल का तेही विचार, नसेल तर तो अभ्यास तुला बाहेर करावा लागेल हे धरून चाल. एक सेमिस्टर त्या देशात राहायची सोय आहे का बघ. दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना गाठ, माहितीपत्रकात नसतं ते त्यांच्याकडून कळतं. आणि बी-टू झालं म्हणून जर्मन झालं असं समजू नकोस, कादंबरीला बी-टू पुरत नाही.

वयाचं थोडक्यात. २३. ग्रिम भावांनी त्यांचा मोठा जर्मन शब्दकोश १८३८ मध्ये हातात घेतला तेव्हा ते पन्नाशीच्या आसपास होते, याकोब १८६३ मध्ये ‘फ्रुख्ट’ या शब्दापाशी, म्हणजे एफमध्येच वारला, आणि कोश पुरा झाला १९६१ साली. वर्गातली पोरं तुला ताई म्हणतील, म्हणू दे. पैशांचा प्रश्न मात्र खरा आहे, तीन वर्षं पगार नाही, तो हिशोब तू अकाउंटंट आहेस, माझ्यापेक्षा चांगला करशील.

इंग्रजीला मी फार बोलले म्हणून एक उलटंही सांगते. शाकुंतल जर्मनमध्ये आलं ते १७९१ मध्ये, गेओर्ग फोर्स्टरने इंग्रजीवरून केलेलं, आणि ते इंग्रजी करणाऱ्या विल्यम जोन्सने आधी लॅटिन करून मग त्यावरून इंग्रजी केलं होतं. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी, जर्मन, इतक्या हातांतून गेलेलं वाचून जर्मन कवी गटे भारावला. तेव्हा इंग्रजीवरून केलेलं म्हणजे पाप असं नाही, मूळ भाषा येणारं कोणी नसेल तर तेच करतात. पण तुझ्याकडे मूळ येतेय ना आता.

दुसरी भाषा डच की स्वीडिश? तुला आत्ता खरंच वाचायचंय ते स्वीडिशमध्ये आहे, ती घे. डच जर्मनला जास्त जवळची, त्यामुळे पटकन येईल आणि पटकन मिसळेलही. स्वीडिश आली की नॉर्वेजियन बरीचशी वाचता येते, डॅनिश वाचता येते पण ऐकून कळत नाही, आणि ते स्वीडिश लोकांनाही फार कळतं असं नाही.

अर्ज भरण्याआधी एक काम कर. संवाद असलेलं एक जर्मन पान घे, चालू काळातलं, फार जुनं नको. आधी स्वतः मराठीत कर, डिक्शनरी वापर पण मशीन उघडू नकोस. मग तेच पान मशीनमधून काढ. दोन्ही कागद आठवडाभर बाजूला ठेव, मग लाल पेन घेऊन बस आणि मोठ्याने वाच. लुथरने १५३० मध्ये आपल्या बायबलच्या भाषांतराची बाजू मांडताना लिहिलं होतं की लॅटिनच्या अक्षरांना काय विचारता, घरातल्या आईला, गल्लीतल्या पोरांना, बाजारातल्या माणसाला विचारा ते कसे बोलतात. तसं वाच, कुठल्या वाक्यावर ‘असं कोणी बोलतं का’ म्हणून जीभ अडखळते तिथे खूण कर, दोन्ही कागदांवर. मग तिसऱ्यांदा लिही. हे करताना तीन तास कुठे गेले कळलं नाही तर फॉर्म भर, आणि तासाभरात वैताग आला तर डिप्लोमासुद्धा नको, अकाउंट्स काही वाईट नाही.

तिन्ही कागद मला पाठव, शेवटचा चांगला तेवढाच नको. डॉखचं काय काय केलंस ते बघायचंय.